गाठोड्यात काय मावते?

पावसाळ्यात प्रवासाला निघताना बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न शहरातल्या माणसापुरता छत्री आणि रेनकोट यांच्यापाशी मिटतो. आमच्या डोंगरकड्याकडे तो इतक्या सहज मिटत नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे हे केळीच्या बागांचे गाव. संत नामदेवांचे नरसी याच हिंगोली जिल्ह्यातले. इकडे पावसाळ्यातला मोठा प्रवास म्हणजे पंढरीची वारी, आणि तीही पायी. पंढरपूर इथून तीनशे किलोमीटरांहून लांब. रोज वीस किलोमीटर चालले तरी पंधरा दिवसांहून अधिक लागतात. दिंडीबरोबर सामानाची गाडी असली, तरी दिवसभर लागणारे ओझे ज्याचे त्यालाच वागवायचे असते.

वारकऱ्यांची गाठोडी मी अनेकदा जवळून पाहिली आहेत. कपड्यांचे दोनच जोड, एक अंगावर आणि एक कोरडा. कोरडा जोड कितीही भिजलो तरी वाटेत काढायचा नाही, तो मुक्कामासाठी. ओले नऊवारी लुगडे फार जड होते. म्हणून पाऊस उघडला की दोघी बायका त्याची दोन टोके धरून चालतात आणि चालता चालताच ते वाळवतात. जाड सतरंजी घरी राहते, कारण ती एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. पूर्वी घोंगडी असे. लोकरीवरून पाऊस बराचसा निथळून जातो आणि ओलसर असली तरी ती ऊब देते. पण तिला वजन फार. आता मेणकापडाचा तुकडा आला. चालताना डोक्यावर, रात्री अंगाखाली.

खरी काळजी असते ती पखवाजाची. टाळ काशाचे, त्यांना पावसाची तमा नाही. पखवाजाचे चामडे मात्र दमट हवेनेच सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वारकरी स्वतः भिजतो, पण पखवाजाला खोळ घालतो. गाथा धोतराच्या फडक्यात आणि वरून प्लॅस्टिकमध्ये. बुक्का डबीत, काडेपेटी दुसऱ्या डबीत. आता याच रांगेत मोबाइलही येऊन बसला आहे.

गाठोड्यात काय असावे हे पंचांगही ठरवते. आषाढी एकादशी 2023 साली 29 जूनला होती, 2024 साली 17 जुलैला. एकादशी लवकर आली की इकडची माणसे मृगाच्या सुमारास निघतात. तेव्हा उन्हाचा ताव उतरलेला नसतो. पाण्याची बाटली आणि डोक्याला फडके हीच मोठी गरज. उशिरा आली की वाट आर्द्रा-पुनर्वसूत तुडवायची, मग मेणकापडावाचून निभाव नाही.

पण या अठरा दिवसांच्या फरकाचा खरा भार शेतावर पडतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. एकादशी उशिरा असेल आणि मृग बरसला असेल, तर सोयाबीन-तुरीची पेरणी उरकून मोकळ्या मनाने निघता येते. ती लवकर असेल, तर बियाणे घरात, जमीन कोरडी आणि माणूस वाटेवर. मग पेरायचे कधी, हे घरी राहिलेल्या बाईला किंवा पोराला ठरवावे लागते. पाऊस फसवा निघाला तर दुबार पेरणीचा खर्चही त्यांच्याच पदरी येतो. चालणाऱ्यांत संध्याकाळी पहिला फोन घरी जातो, तो बहुधा एवढे विचारायला, की आपल्याकडे पडला का?

म्हणून वारकऱ्याचे गाठोडे लहान दिसते, त्यावरून त्याचा प्रवास हलका आहे असे समजू नये. तुमच्या गावावरून दिंडी गेली, तर चहा-फराळ द्यालच. जमल्यास रात्रीपुरती शाळेची एखादी खोली, देवळाचा सभामंडप, घराची पडवी उघडून द्या. एवढे निवडून बांधलेल्या त्या गाठोड्यात बाकी सारे असते. छप्पर तेवढे मावत नाही.