लॅपटॉपला वायफाय मिळत नसेल तर

मुले पुण्या-बंगळूरला आणि आपण इंदूरला; त्यामुळे लॅपटॉप जोडला गेला नाही की जीव खालीवर होतो. अशा वेळी आम्ही पुढील क्रम सुचवतो.

प्रथम मोबाइलचा डेटा बंद करून वायफायवर काही उघडते का ते पाहावे. उघडत नसेल, तर राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा. ‘एलओएस’चा लाल दिवा तसाच राहिला, तर फायबरची तार तपासायला कंपनीलाच बोलवावे.

मोबाइल चालत असेल, तर लॅपटॉपचा एअरप्लेन मोड बंद आहे ना, ते पाहावे. मग आपल्या वायफायच्या नावावर ‘फरगेट’ करून पासवर्ड नव्याने घालावा. जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचे नाव दिसत नाही, २.४ चे निवडावे. जोडणी होऊनही बँकेचे पान उघडत नसेल, तर लॅपटॉपवरची तारीख-वेळ तपासावी.

बँकेत आयुष्य घालवलेल्यांचे एक सांगणे: तक्रारीचा नंबर इंटरनेटवर शोधू नये, बिलावरचाच घ्यावा. फोनवरच्या अनोळखी माणसाला स्क्रीन दाखवणारे ॲप घेऊ नये. वायफाय उद्याही सुरू होईल. खात्यातून गेलेले पैसे परत येतीलच असे नाही. फसवणूक झालीच, तर ताबडतोब १९३० वर कळवावे.