'अ‍ॅक्यूट'ची हरवलेली धार

इंग्रजीतील 'अ‍ॅक्यूट' या विशेषणाला 'तीव्र' हा प्रतिशब्द देऊन आपण मोकळे झालो. मात्र मूळ शब्दाचा निम्मा अर्थ या व्यवहारात सांडला, याची फारशी दखल कोणी घेतलेली नाही.

लॅटिनमध्ये 'अकुएरे' म्हणजे धार लावणे आणि 'अकुस' म्हणजे सुई. 'अ‍ॅक्यूट' त्यांच्याच कुळातला. संस्कृतातील 'अश्रि', म्हणजे धार किंवा कड, हाही याच घराण्यातील शब्द. चार कडांचे ते चतुरश्र, आणि त्यापासून आपला चौरस. ज्या आकृतीत एकही लघुकोन नसतो, तिने 'अ‍ॅक्यूट'शी नाते सांगावे, ही गंमतच! पुढे इंग्रजीत पहिला स्वर गळून 'क्यूट' झाला; त्याचा अर्थ आधी चाणाक्ष, आणि अमेरिकेत गोजिरवाणा.

खरा प्रश्न वैद्यकातला आहे. ग्रीक वैद्यांनी रोगांचे दोन वर्ग केले : झपाट्याने येऊन लवकर निकालात निघणारे, आणि दीर्घकाळ रेंगाळणारे. 'अ‍ॅक्यूट' हा पहिला वर्ग. त्याचा संबंध काळाशी आहे, गांभीर्याशी नव्हे. साधे पडसेही 'अ‍ॅक्यूट'च. म्हणून 2003 साली जगभर पसरलेल्या 'सार्स'च्या पूर्ण नावात 'सिव्हिअर' आणि 'अ‍ॅक्यूट' ही दोन्ही विशेषणे घालावी लागली. मराठीत मात्र दोहोंसाठी 'तीव्र' हा एकच शब्द राबतो.

कुपोषणाच्या नोंदींत हा घोटाळा महागात पडू शकतो. उंचीच्या मानाने वजन घटणे हे 'अ‍ॅक्यूट' कुपोषण. वयाच्या मानाने उंची खुंटणे हे दीर्घकालीन. पहिल्या प्रकारात दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी भरला तर ते 'सिव्हिअर', साडेअकरा ते साडेबारा असला तर 'मॉडरेट'. आपण त्यांना 'तीव्र कुपोषित' व 'मध्यम कुपोषित' म्हणतो. म्हणजे 'तीव्र' हा शब्द 'सिव्हिअर'ने बळकावला आणि 'अ‍ॅक्यूट' वाटेतच गळाला. 'मध्यम' ऐकून आईबाप निश्चिंत होतात. वस्तुतः ते मूलही खंगलेले असते आणि एखाद्या जुलाबाच्या दुखण्याने काही दिवसांतच खालच्या श्रेणीत घसरू शकते.

आयुर्वेदाने आशुकारी व चिरकारी असा भेद केव्हाच केला होता. परिभाषा घडविणाऱ्यांना तो नेमका शब्द हाताशी होता. अर्थात 'आशुकारी' हा शब्द अंगणवाडी सेविकेच्या तोंडी बसणे कठीण, हे मान्य. पण 'मूल झपाट्याने खंगले आहे' एवढे तरी वजनाच्या तक्त्यावर, श्रेणी कोणतीही असो, मराठीत छापता येईल.