परतीचा शिक्का

व्हिसा म्हटले की आपल्याकडे परदेशी जाण्याची गोष्ट सुरू होते. आपल्याच घरी परतायला व्हिसा लागतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या काही कुटुंबांना मात्र हा प्रश्न रोजचा आहे. सिंधमधून आलेली, पाकिस्तानी पासपोर्टवर इथे राहणारी, इथेच दुकान आणि संसार थाटलेली ही माणसे. धरणगावात ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्ज भरून देता देता माझा या विषयाशी संबंध आला आणि त्यामागचे कायदे, जुने निकाल मी वाचत गेलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. देशात राहण्याची परवानगी आणि देशात परतण्याची परवानगी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बहुतेक घोटाळे या दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

परवान्यापासून पासपोर्टपर्यंत

फाळणीनंतर सुमारे वर्षभर दोन्ही देशांत ये-जा करायला कागद लागत नव्हता. भारताने १९ जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तसेच केले. आपल्या राज्यघटनेत ही तारीख कायमची कोरली गेली आहे. कलम ६ नुसार पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलेल्यांना नागरिकत्वासाठी वेगळ्या नोंदणीची गरज नव्हती. त्यानंतर आलेल्यांना होती. जळगावच्या सिंधी वस्तीतली पहिली पिढी या कलमामुळे भारतीय झाली.

याच्या उलट बाजूला कलम ७ आहे. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला, तो भारताचा नागरिक नाही. अपवाद फक्त कायम वास्तव्याच्या परवान्यावर परतलेल्यांचा. हे कलम किती कडक ठरू शकते, ते ‘बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंह’ या १९५५ च्या निकालात दिसते. त्यातली स्त्री जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली. आपण केवळ उपचारासाठी गेलो होतो, असे तिचे म्हणणे होते. डिसेंबरमध्ये ती परतली, पण तात्पुरत्या परवान्यावर, आणि मुदत संपल्यावर पुन्हा पाकिस्तानात गेली. पुढे मिळालेला कायमचा परवाना रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयाने तिला भारताची नागरिक मानले नाही. परतताना हाती कोणता कागद होता, यावर तिचे घर कुठले हे ठरले.

मात्र त्याआधी, १९५४ मध्ये, ‘इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात त्याच न्यायालयाने एक मर्यादाही आखून दिली होती. परवान्याशिवाय आला म्हणून भारतीय नागरिकालाच देशाबाहेर काढण्याचा अधिकार देणारे परवाना कायद्यातले कलम बहुमताने घटनाबाह्य ठरवले गेले. नागरिकाला स्वतःच्या देशातून हाकलता येत नाही, हा त्याचा साधा अर्थ. तोवर, ऑक्टोबर १९५२ मध्ये, परवाना जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा आले होते.

दीर्घ मुदतीचा व्हिसा म्हणजे काय?

जी कुटुंबे नंतरच्या काळात आली, ती बहुधा यात्रेच्या किंवा नातेवाइकांना भेटण्याच्या व्हिसावर आली आणि इथे राहून दीर्घ मुदतीचा व्हिसा, म्हणजे एलटीव्ही, मागितला. अर्ज ऑनलाइन होतो. चौकशी आणि नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परकीय नागरिक शाखेमार्फत होते. पाकिस्तानातल्या हिंदू, शीख आदी अल्पसंख्याकांना तो एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो. २०१६ च्या केंद्राच्या निर्णयाने या लोकांना बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतः राहण्यापुरते घर आणि स्वयंरोजगार अशा सोयी मिळाल्या. राज्यभर फिरण्याची मुभाही तेव्हाच मिळाली. तोवर हालचाल राहत्या ठिकाणापुरती बांधलेली होती. जळगावचा पत्ता असलेल्या माणसाला धरणगावला लग्नाला यायचे तरी परवानगीचा विचार करावा लागे.

इतके सगळे मिळाल्यावर माणसाला आपण इथलेच झालो असे वाटू लागते. पण एलटीव्ही ही फक्त राहण्याची परवानगी आहे. सिंधला जाऊन परत यायचे, तर निघण्यापूर्वीच परतीची वेगळी परवानगी घ्यावी लागते. भारतात परतण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा हा शेरा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘नोरी’ म्हणतात. त्याला दिवसांची मर्यादा असते. जवळचा पासपोर्टही चालू असावा लागतो आणि त्याचे नूतनीकरण दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायुक्तालयात होते. म्हणजे जळगावात परतण्यासाठी दोन सरकारांचे कागद एकाच वेळी जिवंत असावे लागतात.

बारा महिन्यांचा हिशेब

यापेक्षा मोठी अडचण नागरिकत्व कायद्यात आहे. देशीयकरणाने नागरिकत्व हवे असेल, तर अर्जाच्या लगतपूर्वीचे सलग बारा महिने भारतात वास्तव्य लागते. २०१५ च्या दुरुस्तीने विशेष परिस्थितीत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देता येते, पण ती देणे सरकारच्या हाती आहे. माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराचे हे बारा महिने पुरे होत आले असताना मीरपूरखासकडे त्याची आई वारली. तो गेला नाही. दहावा-बारावा इथेच केला. त्याला कुणी अडवले नव्हते. त्याने फक्त हिशेब केला होता.

२०१९ च्या दुरुस्तीने आणि ११ मार्च २०२४ च्या नियमांनी काही कुटुंबांचा मार्ग मोकळा झाला, पण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांचाच. नंतर आलेल्यांना जुनीच वाट आहे. त्या वाटेवरही जिल्ह्याजिल्ह्यांत फरक होता. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत महाराष्ट्रातले मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर होते, जळगाव नव्हते. इथली फाइल राज्याच्या गृह सचिवांकडे जायची.

मुलांचे तर आणखी वेगळे. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघेही परकीय नागरिक असतील, तर ते मूल जन्माने भारतीय ठरत नाही. जळगावच्या दवाखान्यात जन्मलेले, मराठी शाळेत शिकणारे, घराबाहेर अहिराणी बोलणारे मूलही कागदोपत्री परकेच राहते.

दार बंद होते तेव्हा

पूर्वी थर एक्सप्रेस होती. फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झालेली ही गाडी मुनाबाव–खोखरापार मार्गाने थेट सिंधमध्ये उतरवायची. ऑगस्ट २०१९ मध्ये ती बंद झाली. मग सिंधमधून खान्देशात यायला लाहोर, वाघा, अटारी, अमृतसर असा वळसा उरला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे तोही बंद झाला आणि परतीचा शेरा असलेले अनेक जण कित्येक महिने पलीकडे अडकले.

२२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर भारताने अटारीची चौकी बंद केली आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. पाकिस्तानी हिंदूंना दिलेले एलटीव्ही मात्र वैध राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने लगेच स्पष्ट केले. जळगावात असलेल्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्याच दिवसांत जो माणूस सिंधमध्ये होता, त्याचा कागद जिवंत होता आणि दार बंद होते.

हा नियम केवळ या सीमेपुरता नाही. अमेरिकेत एच-वन-बी वर असलेल्या आपल्या मुलांचेही असेच असते. तिथे राहण्याची मंजुरी असते, पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली असते. दिवाळीला गावी आले की मुंबईच्या वकिलातीत नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीची सूट बहुतेकांना मिळत नाही, त्यामुळे हा मुक्काम लांबू शकतो. फरक इतकाच, की अमेरिकेतला मुलगा अडकला तरी आईजवळ अडकतो.

म्हणून कुणी विचारले, तर मी एवढेच सांगतो. निघण्याआधी परतीचा शेरा हातात घ्या. एलटीव्हीच्या भरवशावर सीमा ओलांडू नका. पासपोर्ट आणि एलटीव्ही या दोहोंच्या तारखा प्रवासात संपणार नाहीत, हे पाहा. मुलांचे कागद वेगळे तपासा. सगळ्याच्या प्रती इथे घरी कुणाजवळ तरी ठेवा. आणि नागरिकत्वाचा अर्ज जवळ आला असेल, तर बारा महिने मोजा. शेवटची सूचना करताना मला स्वतःलाच संकोच वाटतो. कारण मरण काही तारीख बघून येत नाही, आणि ते मोजायला सांगणारा कायदा मी लिहिलेला नाही.