हलके गाठोडे आणि बंदुकीचे ओझे

गुन्हेगारी टोळ्यांवरचे जुने, अभिजात चित्रपट आवडीने पाहणे आणि मोजक्या सामानानिशी निर्धास्त प्रवास करणे या दोन आवडी एकाच माणसात आढळल्या, तरी त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणी मानत नाही. वर्धा जिल्ह्याच्या विसाव्या शतकातील इतिहासात मात्र हे दोन धागे एकमेकांत गुंतलेले आढळतात, कारण धाम नदीच्या काठावरील पवनारहून पायी निघालेले आचार्य विनोबा भावे चंबळच्या बीहडांत, म्हणजे पाण्याने जमीन खरवडून तयार झालेल्या घळींच्या मुलखात पोहोचले आणि तेथे दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

टोळीपट हा चित्रप्रकार अमेरिकेत रुजला तो दारूबंदीच्या काळात. १९२० ते १९३३ या काळात तेथे दारूचे उत्पादन आणि विक्री कायद्याने बंद होती, त्यामुळे चोरट्या धंद्यावर पोसलेल्या टोळ्या शिकागोसारख्या शहरांत प्रबळ झाल्या आणि त्यांच्याच गोष्टी ‘लिटल सीझर’ व ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१), तसेच ‘स्कारफेस’ (१९३२) या चित्रपटांनी पडद्यावर आणल्या. या कथांचा आराखडा बहुधा ठरलेला असतो: सामान्य वस्तीतला एक तरुण एकेक पायरी चढत जातो, प्रत्येक पायरीवर नवा सूट, मोठी गाडी, अधिक साथीदार आणि अधिक शत्रू जमा करतो आणि अखेर त्या साऱ्या संचयासकट कोसळतो. रॉबर्ट वॉरशो या समीक्षकाने १९४८ साली लिहिलेल्या निबंधात या नायकाला शोकांतिकेचा नायक म्हटले, कारण त्याचे यशच त्याला एकटे पाडते आणि एकटेपणच त्याचा घात करते.

भारतीय चित्रपटात या नायकाची जागा बराच काळ डाकूने घेतली. शहरातील गुंडाच्या मानाने डाकूचा मुलूख वेगळा, त्याची कारणेही वेगळी. जमिनीचा तंटा, सावकाराची जबरदस्ती किंवा खुनाचा सूड यांतून तो घर सोडतो आणि चंबळच्या बोलीत स्वतःला ‘बागी’, म्हणजे बंडखोर, म्हणवून घेतो. ‘मदर इंडिया’तील (१९५७) बिरजू आणि ‘गंगा जमुना’तील (१९६१) गंगा हे दोघेही याच वाटेने गेलेले आहेत. हे चित्रपट पाहताना कोणते पात्र कोणती वस्तू हातातून सोडू शकत नाही याकडे लक्ष दिले, तर त्यांतील बरेच काही उलगडते. डाकूचे जीवन सतत भटकंतीचे असते, तरी तो प्रवासी नसतो. बंदूक, काडतुसे, लूट आणि मागचे वैर ही सारी तो उद्याच्या भयापोटी वाहत असतो, आणि त्यांपैकी एकही टाकून देण्याची सोय त्याला उरलेली नसते.

विनोबांचा प्रवास याच्या अगदी उलट होता. पवनारच्या आश्रमात त्यांनी आधी ‘कांचनमुक्ती’चा, म्हणजे पैशाच्या आधाराविना श्रमावर जगण्याचा प्रयोग केला होता, आणि ८ मार्च १९५१ रोजी हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी ते पायीच निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी पहिली शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदान चळवळीचा आरंभ झाला. पुढे एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परतेपर्यंत ही पदयात्रा तेरा वर्षे चालली. रोज पहाटे कूच करायची, दिवसाकाठी एक गाव मागे टाकून दुसऱ्या गावी मुक्काम करायचा आणि त्या गावाच्या पाहुणचारावर विसंबायचे, हा तिचा क्रम होता.

मे १९६० मध्ये ही पदयात्रा चंबळच्या खोऱ्यातील भिंड आणि मुरैना या भागांत आली. कुख्यात डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदार सिंग त्या वेळी तुरुंगात फाशीच्या शिक्षेच्या छायेत होता. त्याने विनोबांना लिहिलेल्या पत्रावरून आणि मेजर जनरल यदुनाथ सिंग यांच्या मध्यस्थीने बीहडांत संपर्क साधला गेला. विनोबांनी कोणालाही माफीचे आश्वासन दिले नाही, खटले चालतील आणि शिक्षा भोगावी लागेल हे त्यांनी स्पष्ट केले, तरीही लोकमन ऊर्फ लुक्का याच्यासह वीस बागींनी त्यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. शस्त्राविना पायी आलेल्या वृद्धापासून त्यांना भिण्याचे कारण नव्हते, ही गोष्ट या घटनेच्या मुळाशी असावी. मध्य प्रदेशाचे तत्कालीन पोलीसप्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी मात्र या प्रयोगावर उघड टीका केली, कारण डाकूंना मिळणाऱ्या प्रतिष्ठेने पोलिसांचे मनोबल खचते असे त्यांचे मत होते. डाकूंचा प्रश्न त्या वर्षी सुटला नाही हेही खरे आहे.

याच सुमारास, म्हणजे १९६०-६१ मध्ये, राज कपूर यांचा ‘जिस देश में गंगा बहती है’ हा राधू कर्मकार दिग्दर्शित चित्रपट प्रेक्षकांसमोर आला. त्यातील राजू हा डफली घेऊन भटकणारा भोळा गायक डाकूंच्या वस्तीत सापडतो, त्यांना तो पोलिसांचा माणूस वाटतो, आणि अखेरीस तीच टोळी बायकामुलांसह शरण जाते. प्राणने रंगवलेला डाकू राका एका बाजूला आणि डफलीशिवाय काहीच नसलेला राजू दुसऱ्या बाजूला, हा विरोध चित्रपटाचा कणा आहे. मोनी भट्टाचार्जी यांचा ‘मुझे जीने दो’ (१९६३) याहून कठोर आहे. चंबळच्या खोऱ्यात प्रत्यक्ष चित्रित झालेल्या या चित्रपटात सुनील दत्त यांच्या जरनैल सिंगला संसार आणि मूल हवे असते, पण मागचा हिशेब त्याला घरापर्यंत पोहोचू देत नाही.

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाचे मूळ शोधत गेल्यासही वाट वर्धा जिल्ह्यातून जाते. ग. दि. माडगूळकर यांची ही कथा औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या खुल्या तुरुंगावरून सुचलेली आहे. खुला तुरुंग म्हणजे भिंती व बेड्यांऐवजी विश्वासावर चालणारी, कैद्यांनी शेती करून राहावयाची वसाहत. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा होती, आणि याच फ्रीडमन यांच्यासह औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत १९३८ साली संस्थानाच्या स्वराज्य-घटनेसंबंधी गांधीजींचा सल्ला घेण्यासाठी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले होते. चित्रपटातला जेलर सहा खुन्यांना ओसाड माळावर नेतो. त्याच्याकडेही कसण्याची जमीन आणि शब्द यांपलीकडे फारसे साधन नसते.

१९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेऊन, म्हणजे एकाच ठिकाणी राहण्याचे व्रत घेऊन विनोबा पवनारला स्थिरावले; त्यानंतर चंबळच्या माधोसिंगच्या टोळीकडून आलेल्या विनंतीवर त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्याकडे जाण्यास सुचवले. त्यातून १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या तसबिरीसमोर शस्त्रे ठेवली, आणि पुढे मुंगावली येथे त्यांच्यासाठी खुला तुरुंगही उभा राहिला. ‘द गॉडफादर’ हा चित्रपट अमेरिकेत त्याआधी महिनाभरच प्रदर्शित झाला होता. त्यातला मायकेल कॉर्लिओने वडिलांचा वारसा नको म्हणत म्हणत तो खांद्यावर घेतो. तीन वर्षांनी आलेल्या ‘शोले’त (१९७५) गब्बर डाकू का झाला याविषयी काहीच सांगितलेले नाही, म्हणून त्याच्या परतीचा प्रश्नही उद्भवत नाही, आणि डाकूपटाची एक परंपरा तेथे वळण घेते.

प्रवासाच्या दृष्टीने या साऱ्यातून निघणारा धडा व्यवहारी आहे. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने देशभर फिरणाऱ्या गांधीजींनाही रोजच्या कामाची साधने सोबत हवी असत, म्हणून १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगवासात पेटी-चरखा आकाराला आला. मिटून हातात नेता येणारा हा चरखा पाहिला, की हलका प्रवास म्हणजे केवळ वस्तू कमी करणे नव्हे, तर आवश्यक वस्तूला सुटसुटीत रूप देणे, हे कळते. सामान भरताना प्रत्येक वस्तूला ती गरजेपोटी घेतली की ‘न जाणो’ या धास्तीपोटी, एवढे विचारले, तर दुसऱ्या प्रकारच्या बहुतेक वस्तू घरीच राहतात.

वर्ध्याला जाणाऱ्याला हा नियम सहज पाळता येतो. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग येथे एकत्र येतात, सेवाग्राम आणि पवनार ही दोन्ही ठिकाणे शहरापासून फार लांब नाहीत, आणि विदर्भाच्या कोरड्या हवेत रात्री धुतलेला सुती सदरा सकाळी घालता येतो; त्यामुळे दोन जोड कपडे, पंचा, टोपी किंवा उपरणे, पाण्याची बाटली आणि नेहमीची औषधे एवढे एका शबनम पिशवीत मावते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून पाणी आणि डोक्यावरचे आच्छादन यांत काटकसर करू नये. सेवाग्रामची बापूकुटी आणि पवनारचा आश्रम पाहण्यापूर्वी वर उल्लेखिलेल्या चित्रपटांपैकी निदान दोन पाहून गेल्यास, पडद्यावरच्या शरणागतीमागे कोणता प्रत्यक्ष विचार उभा होता आणि त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या, हे ताडून पाहण्याची संधी प्रवाशाला मिळते.