रोझमेरीच्या कुंडीत हवा हवी

रोपवाटिकेतून आणलेली रोझमेरी पहिल्या पावसापर्यंत छान दिसते. आषाढात तिची खालची पानं काळपट पडू लागतात आणि श्रावणात शेंडे माना टाकतात. झाड सुकतंय म्हणून आपण आणखी पाणी घालतो, पण माती तर ओलीच असते. कोंदट, ओल्या मातीत मुळं गुदमरून कुजलेली असतात आणि कुजलेल्या मुळाला भोवतालचं पाणीही ओढता येत नाही.

हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठचं. दक्षिण फ्रान्स, स्पेन, इटलीच्या किनाऱ्यालगत चुनखडीच्या खडकाळ उतारांवर, जेमतेम मातीत ते वाढतं. तिथला उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस मुख्यतः थंडीच्या आगेमागे पडतो. मार्सेय शहरात वर्षभराचा पाऊस साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर. मुंबईत एकट्या पावसाळ्यातच २,००० मिलिमीटरहून जास्त पडतो, तोही उबदार हवेत, म्हणजे मूळकुजीच्या बुरशीला हव्या त्याच दिवसांत. त्यामुळे या झाडाची माती निवडताना ‘खत किती?’ याआधी ‘हवा किती?’ हे विचारायचं.

कुंडीतलं पाणी तळाच्या भोकातून सगळं निघून जातं, असं आपण धरून चालतो. ते तसं जात नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून हातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. तरी खालच्या कडेला थोडा भाग चिंब राहीलच. कुंडीतही तळाशी असा चिंब थर उरतो. त्याची उंची कुंडीच्या उंचीवर नाही, मातीच्या कणांवर ठरते. कण बारीक तर थर जाड, कण भरड तर थर पातळ. म्हणून उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी: चिंब थर तेवढाच राहतो, पण त्याच्यावर मुळांना मोकळी जागा जास्त मिळते.

याच कारणाने तळाशी खापऱ्या किंवा खडीचा थर देण्याची आपली जुनी सवय कामाची नाही. बारीक मातीतलं पाणी भरड थरात सहजी उतरत नाही, ते त्याच्या वर अडून बसतं. चिंब थर नाहीसा होण्याऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरे. खडी घालायची ती सगळ्या मिश्रणात.

आता सामान. काळी माती या झाडासाठी नकोच. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिच्यात मूठभर वाळू मिसळून काही साधत नाही. वाळूचे दाणे चिकणमातीत नुसते रुतून बसतात. पोयटा किंवा तांबडी माती चालेल, पण थोडी. कोकणातली जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते, तेव्हा तिच्यात शेतीच्या चुनखडीची चमचाभर पूड मिसळावी. बोअरच्या जड पाण्यावर बाग असेल तर तेवढीही गरज नाही.

खरा भार भरड दाण्यांवर. पक्क्या भाजलेल्या विटांचे तुकडे फोडून चाळा आणि साधारण २ ते ६ मिलिमीटरचे दाणे ठेवा. खाली पडलेली भुकटी टाकून द्या; तीच पोकळ्या बुजवते. कच्ची वीट घेऊ नका, पाण्यात तिचा चिखल होतो. परलाइट परवडत असेल तर उत्तम, हलकं असल्यामुळे गच्चीवर सोयीचं. समुद्राची वाळू मात्र नको. किनाऱ्याचं झाड असल्याने खारा वारा ते पानांवर सोसतं, पण मुळाशी साचलेलं मीठ सोसत नाही. कोकोपीट वापरायचंच तर तेही दोनतीनदा धुऊन घ्या, कारण त्यातही क्षार असू शकतात. एरवी, इतकं पाणी धरून ठेवणारी वस्तू इथे कशाला, असं माझं मत आहे.

विटांचे तुकडे दोन घमेली, माती एक घमेलं, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत अर्धं घमेलं. खत वाढवायचा मोह होतो, पण जास्त खताने फांद्या लुसलुशीत आणि लांबट होतात. शिवाय खत कुजत जातं तशी माती खाली बसते आणि पोकळ्या मिटतात.

मिश्रण जमलं का, हे मोजता येतं. एक लिटरच्या डब्याला तळाशी भोकं पाडून त्यांवर चिकटपट्टी लावा. मिश्रण काठोकाठ भरून हळूहळू पाणी घाला, वर पाणी चमकू लागलं की थांबा. काही तासांनी पातळी उतरली असेल तर पुन्हा भरा. मग डबा पातेल्यावर धरून पट्टी काढा. गळलेलं पाणी म्हणजे तेवढी हवेची जागा. २०० मिलिलिटर किंवा जास्त निघालं तर मिश्रण वापरा. १०० पेक्षा कमी निघालं तर आणखी विटा फोडा.

लावणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात करा. पिशवीतल्या रोपाला बहुधा घट्ट तांबड्या मातीचा गोळा असतो. तो तसाच लावला तर नव्या मिश्रणाच्या मधोमध चिखलाचा गड्डा राहतो. रोप बादलीभर पाण्यात धरून बरीचशी माती सोडवून घ्या. कुंडी भाजलेल्या मातीची, मुळांपेक्षा थोडीच मोठी असावी. फार मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओली राहते. खाली बशी नको. पहिल्या पाण्यानंतर बोटाची दोन पेरं आत कोरडं लागेपर्यंत पुन्हा पाणी नको, आणि पावसाळ्यात कुंडी उजेडाच्या पण पागोळ्या न पडणाऱ्या जागी हलवा. दोनएक वर्षांनी माती खाली बसली की मिश्रण नव्याने करावं. विटांचे तुकडे धुऊन परत वापरता येतात.