जालन्याचा काळा दगड आणि मॉरिशसचं नातं काय? समजून घ्या

जालना जिल्ह्यात विहीर खोदताना जो काळा पाषाण लागतो, त्याचा एक दूरचा भाऊ हिंद महासागरात आहे. तो म्हणजे मॉरिशस बेट.

बेट कसं तयार झालं?
पृथ्वीच्या पोटातून काही ठिकाणी उष्णतेचा झोत वर येत असतो. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. झोत जवळपास जागेवरच राहतो, वरचा भूपट्ट सरकत जातो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग अशाच हॉटस्पॉटवर होता, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तेव्हाच्या लाव्ह्यातून दख्खनचं पठार घडलं. पुढे भारत उत्तरेकडे सरकला. त्याच झोतातून सुमारे 80 ते 90 लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रावर आलं. आज तिथले ज्वालामुखी शांत आहेत. शेजारच्या रियुनियन बेटावरचा मात्र अजूनही लाव्हा ओकतो.

दाटी किती?
2011 च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरमागे सुमारे 250 माणसं राहतात. मॉरिशसमध्ये हा आकडा 600 च्या पुढे आहे.

माणसं कुठून आली?
बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. 1598 मध्ये डच उतरले, 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. गुलामगिरी संपताना उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. 1834 पासून साडेचार लाखांहून अधिक भारतीय करारावर तिथे पोहोचले. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले मराठी लोकही होते. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची. पोर्ट लुईमधला अप्रवासी घाट, जिथे हे मजूर उतरत, 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे.

खुणा काय उरल्या?
ऊस लावण्याआधी जमिनीतला काळा दगड हातांनी वेचावा लागे. त्या दगडांचे ढीग आजही शेतांत दिसतात. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते, शाळांत मराठी शिकवली जाते. घरात मात्र बहुतेक जण क्रिओल बोलतात. सण टिकला; रोजच्या बोलण्यातली मराठी टिकवण्याची धडपड अजून सुरू आहे.