इतर हक्कांचा रकाना

शेतजमीन विकत घ्यायला निघालेला जाणता माणूस तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढून आणतो, तेव्हा भोगवटादाराच्या नावावर नजर टाकून तो थांबत नाही; त्याची दृष्टी लगोलग ‘इतर हक्क’ या रकान्याकडे वळते, कारण पतपेढीचा बोजा, कुळाची नोंद, शेजाऱ्याचा वाटेचा हक्क, असे जे जे काही बांधावर उभे राहून दिसत नाही आणि तरीही जमिनीबरोबर नव्या मालकाच्या पदरी पडते, ते सारे तेथे लिहिलेले असते. सोयरीक जुळवताना मात्र हाच माणूस घराणे विचारतो, गोत्र विचारतो, ‘खाण तशी माती’ म्हणून मुलीच्या आईचे वळण न्याहाळतो, आणि रक्त चांगले आहे अशी स्वतःची खातरजमा करून मोकळा होतो. रक्ताच्या दप्तरातही इतर हक्कांचा एक रकाना असतो, ही गोष्ट त्याच्या गावीही नसते. रक्तगटांच्या दप्तरातला असा एक रकाना प्रथम उघडला गेला तो आपल्याच मुंबईत, 1952 साली.

रेल्वेच्या अपघातात जखमी झालेला एक आणि भोसकला गेलेला दुसरा, अशा दोन रुग्णांना तातडीने रक्त देणे प्राप्त होते. नित्याच्या तपासणीत दोघांचेही रक्त ‘ओ’ गटाचे दिसत होते, आणि तरीही दात्यांमागून दाते तपासले तरी कोणाच्याच रक्ताशी, इतकेच नव्हे तर अस्सल ‘ओ’ गटाच्या रक्ताशीसुद्धा, ते जुळेना. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. सी. के. देशपांडे व डॉ. एच. एम. भाटिया यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला, आणि रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या इंग्लंडमधील अभ्यासकांच्या साहाय्याने अशा तीन व्यक्तींचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. पुढे या गटाला ‘बॉम्बे’ हेच नाव पडले. शहराने आपले नाव बदलले, रक्ताने अद्याप बदललेले नाही.

रक्तपेढीतील तपासनिसाच्या टेबलाशी क्षणभर उभे राहिल्याखेरीज या कोड्याचे मर्म ध्यानात यायचे नाही. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तो रक्ताचे दोन थेंब ठेवतो, एकात निळा अँटी-ए द्राव आणि दुसऱ्यात पिवळा अँटी-बी द्राव मिसळतो, काडीने ढवळतो आणि फरशी हलकेच डोलवू लागतो. ज्या थेंबात खूण पटते तो थेंब नासलेल्या दुधासारखा फुटतो आणि त्यात लाल कण पोहू लागतात. जेथे पटत नाही तेथे थेंब होता तसा एकजीव राहतो. दोन्ही थेंब एकजीव राहिले, की कार्डावर ‘ओ’ असे लिहिले जाते. कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली व्हिएन्नात रक्तगटांचा जो शोध प्रसिद्ध केला, आणि ज्यासाठी 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचेच हे नित्याचे रूप होय. परंतु काळजीपूर्वक काम करणारी पेढी एवढ्यावर थांबत नाही. ती उलट बाजूनेही तपासते, म्हणजे त्या माणसाच्या रक्तद्रवात ए, बी आणि ओ गटांच्या माहीत असलेल्या पेशी घालून पाहते. अस्सल ‘ओ’ गटाच्या माणसाचा रक्तद्रव ए आणि बी पेशींच्या गुठळ्या करतो, पण ओ पेशींच्या वाटेला जात नाही. मुंबईच्या त्या रुग्णांच्या रक्तद्रवाने ओ पेशींच्याही गुठळ्या केल्या.

याचे कारण असे, की ‘ओ’ म्हणजे काहीच नाही ही आपली समजूत खरी नव्हे. लाल पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची एक शर्करा जोडली गेली, की ‘एच’ हे जोते तयार होते, आणि त्या जोत्यावर एका प्रकारची शर्करा चढली की ए गटाचे घर उभे राहते, दुसऱ्या प्रकारची चढली की बी गटाचे, दोन्ही प्रकारची चढली की एबी. ‘ओ’ गटाच्या माणसाजवळ घर नसते, पण जोते शाबूत असते. बॉम्बे गटाच्या माणसाजवळ जोतेच नसते. म्हणून वर बांधावयाच्या घराचे साहित्य वारशाने त्याच्या पदरी आलेले असले तरी ते पडून राहते, आणि ज्या एच खुणेला आपण सर्व जण आपली मानतो ती त्याच्या शरीराला शत्रूसारखी भासते. त्याला ‘ओ’ गटाचे रक्त चढवले तर ते त्याच्या शिरांत फुटू लागते, आणि प्रसंग प्राणावर बेततो. एरवी तो माणूस पूर्णपणे निरोगी असतो. रक्ताची गरज लागेपर्यंत आपण कोणी निराळे आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

आता हे जोते हरवते कसे? ते बांधण्याची आज्ञा एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात लिहिलेली असते, तर घर कोणते हे ठरवणारे जनुक नवव्या गुणसूत्रावर. म्हणजे दोन्ही नोंदी निरनिराळ्या दप्तरांत. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली व दुसरी बापाकडून, आणि एक प्रत शाबूत असली तरी काम भागते. ज्याची एक प्रत बिघडलेली आहे तो चारचौघांसारखाच दिसतो, तपासणीतही चारचौघांसारखाच ठरतो, आणि ती बिघडलेली प्रत मुकाट्याने पुढच्या पिढीच्या स्वाधीन करतो. असे दोघे विवाहाने एकत्र आले, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याचा संभव चारांत एक. ग्रेगोर मेंडेल यांनी 1865 साली ब्रनो येथे वाटाण्याच्या वेलींवरून जो नियम मांडला आणि जो 1900 सालापर्यंत अडगळीत पडून होता, तो हाच. युरोपात बॉम्बे गट दहा लाखांत एखाद्याचा असतो, तर भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा, आणि या तफावतीच्या मागे आपल्या विवाहरूढींचा मोठा हात आहे.

इरावती कर्वे यांचा भारतीय नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ 1953 साली, म्हणजे भेंडे यांच्या वृत्तांतानंतर वर्षभरातच, प्रसिद्ध झाला. उत्तरेत जवळच्या आप्तांत विवाह वर्ज्य, दक्षिणेत तो इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये, मामाची मुलगी करण्यास मुभा देणारा, असे चित्र त्यांनी मांडले. या रूढीत एक मौज आहे. गोत्र बापाकडून येते, म्हणून सगोत्र विवाहाला शास्त्र आडवे येते आणि भिन्न गोत्राच्या मामाची मुलगी विनातक्रार चालते. परंतु जनुके गोत्र विचारत नाहीत, ती आईकडूनही तितकीच येतात, आणि सख्ख्या आते-मामे भावंडांचा सरासरी एक अष्टमांश वारसा सामाईक असतो. आजोळच्या एकाच आजोबांकडून उतरलेली बिघडलेली प्रत दोन वाटांनी येऊन नातवंडांच्या संसारात पुन्हा एकत्र येते, ती अशी. जो दाखला पाहून आपण निश्चिंत होतो, त्यावर मुळी अर्धीच वंशावळ उतरलेली असते.

या अज्ञानाने केवळ प्राणावरच बेतते असे नाही, अब्रूवरही बेतते. नवऱ्याच्या कार्डावर ‘ओ’, बायकोचा गट ए, आणि मूल एबी निघाले, तर रक्तगटांचे शालेय कोष्टक पाठ असलेला कोणीही हिशेब मांडून सांगेल, की हे मूल त्याचे नव्हे. पण नवरा बॉम्बे गटाचा असेल, तर त्याच्याजवळ बी गटाच्या घराचे साहित्य असू शकते, जोत्याअभावी पडून राहिलेले. मुलाला आईकडून शाबूत जोते मिळाले, की बापाचे ते दडलेले साहित्य कामी लागते आणि मूल बापाचेच असल्याची साक्ष देते. विवाहबंधनात जन्मलेल्या अपत्याला औरस मानावे, हा 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचा दंडक नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम राहिला आहे, आणि ऊठसूट रक्ताच्या चाचणीचा हुकूम देऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली गौतम कुंडू यांच्या खटल्यात बजावले; जुन्या कायद्याचा हा सावधपणा विज्ञानाच्या दृष्टीनेही अगदीच अस्थानी नव्हता, असे म्हणावे लागते.

मात्र सर्व गुण रक्तगटाइतके सरळ नसतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सातबारातला सातवा नमुना हक्कांचा आणि बारावा पिकांचा. हक्क कोणाचेही असोत, पीक पाऊस, खत आणि मशागत यांवर ठरते. माणसाची उंची हजारो जनुकभेदांच्या बारीक बारीक हिश्श्यांनी आणि बालपणीच्या अन्नाने मिळून ठरते, मधुमेहाचेही तसेच. सातव्या नमुन्यावरून बाराव्याचे भाकीत करण्याचा हट्ट धरणाऱ्यांनीच गेल्या शतकात वंशशुद्धीच्या नावाखाली कायदे केले आणि माणसांची बळाने निर्बीजीकरणे केली. इरावतीबाई विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशवादी पंडिताच्या हाताखाली गेल्या, त्यांनी कवट्या मोजल्या, आणि गुरूला अपेक्षित असलेला वंशभेद मापांत सापडत नाही असे निक्षून लिहिले. ही गोष्ट त्यांच्या पुढच्या साऱ्या ग्रंथांइतकीच मोलाची आहे.

आजही एखाद्या पेढीत कार्डावरचा ‘ओ’ नीट जुळेनासा होतो, तपासनीस ओ पेशींची नळी उजेडात धरून पाहतो, आणि तिच्यात गुठळ्या दिसतात. बॉम्बे गटाचे दाते नोंदवून ठेवलेले असतात, पण ते मोजके आणि दूरदूर विखुरलेले. म्हणून तो बाहेर येतो आणि दाराशी ताटकळत उभ्या असलेल्या आप्तांना न घराणे विचारतो, न गोत्र. ज्यांच्या रक्ताचा हाच गट असण्याचा संभव चारांत एक, त्यांच्याचविषयी त्याला विचारायचे असते. तो म्हणतो, “सख्खी भावंडे किती? सगळ्यांना बोलावून घ्या.”